जहाजावरच्या बुफेत गर्दी का होते?

जहाज दिवसभर समुद्रात असले की सकाळी नऊला बुफेत टेबल मिळत नाही. साडेदहाला मात्र बरीच रिकामी दिसतात. असे का? खुर्च्या तेवढ्याच, पण बहुतेक जण एकाच तासात येतात. नरसाळ्यात तेल बारीक धारेने ओतले तर उतरते, एकदम ओतले तर तुंबते. शिवाय क्षमता संपत आली की थोड्याशा वाढीनेही रांग कितीतरी लांबते. डेन्मार्कचे गणिती एर्लांग यांनी १९०९मध्ये टेलिफोन कॉलचा अभ्यास करताना रांगांच्या या गणिताचा पाया घातला. ‘आयकॉन ऑफ द सीज’सारख्या जहाजावर ७,६०० पर्यंत प्रवासी मावतात. म्हणूनच अनेक मोठ्या जहाजांवर रात्रीच्या जेवणाच्या दोन पंगती ठरलेल्या असतात. बुफेला असे बंधन नसते. तिथे तासभर आधी किंवा उशिरा जा. जागा मिळण्याची शक्यता खूप वाढते.