प्रताधिकार : अध्यापन आणि प्रकाशन यांतील सीमारेषा

मराठी विभागांत संदर्भग्रंथांच्या छायाप्रती काढणे हा नित्याचा व्यवहार आहे. त्याविषयी दोन टोकांच्या समजुती आढळतात. शैक्षणिक हेतू असला की सर्व काही चालते, ही एक. ग्रंथाच्या दहा टक्क्यांपलीकडे गेल्यास नियमभंग होतो, ही दुसरी. भारतीय प्रताधिकार अधिनियम, १९५७ यांपैकी कोणत्याच समजुतीस आधार देत नाही. त्यातील कलम ५२ अनुज्ञेय वापर सांगताना टक्केवारी ठरवीत नाही. मुख्यतः वापरामागील प्रयोजन पाहते.

या कलमाची कसोटी दिल्लीत लागली. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातील रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस हे दुकान अभ्यासक्रमातील नेमलेल्या उताऱ्यांचे संच विद्यार्थ्यांना पुरवीत असे. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी २०१२ मध्ये त्याविरुद्ध दावा लावला. शिक्षक वा विद्यार्थ्याने 'अध्यापनाच्या ओघात' केलेली प्रत अधिकारभंग ठरत नाही, या तरतुदीच्या आधारे दिल्ली उच्च न्यायालयाने १६ सप्टेंबर २०१६ रोजी तो फेटाळला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये खंडपीठाने अध्यापनाची व्याप्ती वर्गाच्या चार भिंतींपुरती मानली नाही. मात्र संचातील मजकूर अध्यापनासाठी खरोखर आवश्यक होता काय, हा प्रश्न सुनावणीसाठी परत पाठविला. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतल्याने ती सुनावणी झालीच नाही.

या निर्णयावरून अभ्यासमंडळाने छापावयाच्या काव्यसंग्रहासही तीच मोकळीक आहे, असे अनुमान काढणे योग्य नव्हे. संग्रह हे प्रकाशन होय. त्यासाठीची तरतूद बरीच अरुंद आहे : संग्रहातील बहुतांश मजकूर प्रताधिकारमुक्त असावा, उतारे लहान असावेत, आणि एका प्रकाशकाने पाच वर्षांत एका लेखकाचे दोहोंपेक्षा अधिक उतारे घेऊ नयेत. समकालीन कवींच्या संपूर्ण कविता एकत्र छापावयाच्या तर परवानगी घेणे हाच मार्ग उरतो. मराठीत लेखनावर उपजीविका करणारे थोडे. अभ्यासक्रमात लागलेली कविता हे त्यांच्या अल्प उत्पन्नाचे एक साधन असू शकते, हेही विसरता येत नाही.

प्रबंधलेखकाची स्थिती निराळी आहे. संशोधन आणि समीक्षा यांसाठी न्याय्य अवतरणास मुभा आहे आणि प्रबंध ग्रंथरूपाने निघाला तरी समीक्षेची मुभा नाहीशी होत नाही. मात्र प्रत्येक अवतरण विवेचनाच्या गरजेइतकेच असावे. विवेचन दोन ओळींचे आणि अवतरण दोन पानांचे असेल, तर त्यास समीक्षा म्हणणे कठीण होईल.

मुदतीचाही विचार करावयास हवा. लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्यावरील अधिकार त्याच्या मृत्यूच्या पुढील वर्षारंभापासून साठ वर्षे टिकतो. बा. सी. मर्ढेकर १९५६ मध्ये निवर्तले. म्हणून त्यांच्या अशा कविता १ जानेवारी २०१७ पासून मुक्त झाल्या. परंतु त्यांच्या एखाद्या आवृत्तीस अलीकडच्या संपादकाने जोडलेली प्रस्तावना आणि टिपा मुक्त होत नाहीत.

ग्रंथालयांसाठी तरतूद आहे ती जतनाची. भारतात विक्रीस उपलब्ध नसलेल्या पुस्तकाच्या तीनपर्यंत प्रती अव्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयास स्वतःच्या उपयोगासाठी करता येतात. संग्रही असलेल्या ग्रंथाची जतनासाठी संगणकीय प्रत ठेवण्याची मुभा २०१२ च्या दुरुस्तीने दिली. जीर्ण होत चाललेल्या मराठी ग्रंथांच्या दृष्टीने या तरतुदी मोलाच्या आहेत. केवळ भीतीपोटी त्यांचा उपयोग न केल्यास ग्रंथ नष्ट होईल आणि त्यात लेखकाचेही हित नाही.

तात्पर्य, प्रत काढण्यापूर्वी 'किती पाने?' या प्रश्नाआधी 'कशासाठी?' हा प्रश्न विचारला पाहिजे.