अकरा मीटर

डिसेंबरच्या त्या रात्री मावशीच्या गच्चीवरून मी तो दिवा पहिल्यांदा पाहिला. खालच्या रस्त्यावर एक मोटारसायकल उभी होती. तिचा मोठा दिवा लख्खकन पेटायचा, थोडा वेळ जळायचा आणि विझायचा. मग अंधारात एका मुलीचा आवाज मोजू लागायचा, "एक, दोन, तीन, चार, पाच... आता दिसलात, काका." पुन्हा दिवा, पुन्हा अंधार, पुन्हा मोजणी. चौथ्या वेळी मी शाल गुंडाळून खाली उतरले.

हे ग्वाल्हेरचं कंपू. मराठीत कंपू म्हटलं की टोळकं डोळ्यांपुढे येतं, इथे तो घराचा पत्ता आहे. महादजी शिंद्यांच्या पदरी असलेल्या द बॉयन या युरोपीय सेनानीने उभ्या केलेल्या कवायती पलटणींना कंपू म्हणत. पुढे १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांची छावणी इथे पडली आणि तिचंच लष्कर शहर झालं. मांढऱ्यांच्या मातेची टेकडी जवळ, जयारोग्य रुग्णालय जवळ. जुन्या मराठी घरांतून आजही संध्याकाळी शुभंकरोती ऐकू येते.

मोजणारी मुलगी समोरच्याच घरातली, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाची. पुढच्या महिन्यापासून तिची ड्युटी मुरारला, सुटणार रात्री दहाला. वडिलांची १०० सीसीची मोटारसायकल घरात होती, म्हणून ती शिकायचं ठरलं. शिकाऊ परवाना तिने काढला होता. गाडीला पुढे-मागे १८ सेंटिमीटरच्या पांढऱ्या चौकोनात लाल 'एल' लावलेला होता. असा परवाना सहा महिने चालतो आणि तीस दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. ती चाचणी होते दिवसा. रात्रीची गाडी सहसा कुणी शिकवत नाही आणि कुणी तपासतही नाही.

शिकवणारे काका साठी ओलांडलेले, गल्लीतलेच. एका रुग्णालयात ड्रेसर होते आणि नोकरीची बहुतेक वर्षं त्यांनी रात्रपाळीत काढली. मी विचारलं, "हे दिवे लावणं-विझवणं कशासाठी?" त्यांनी मुलीलाच सांगायला लावलं. ती म्हणाली, "समोरच्याने अप्पर मारला की पाच आकड्यांपर्यंत मला काही दिसत नाही. चाळीसच्या वेगाला गाडी एका सेकंदात अकरा मीटर जाते. म्हणजे पंचावन्न मीटर मी आंधळी."

मी मनातल्या मनात पंचावन्न मीटर मोजले. मावशीच्या फाटकापासून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाच्याही पुढे. मधे दोन बोळ फुटतात, एक गाय नेहमी बसलेली असते आणि एक गतिरोधक आहे, त्यावरचे पांढरे पट्टे कधीच पुसले गेलेत.

पुढच्या तीन रात्री मी त्यांच्यामागून हिंडले. गिअर, क्लच, वळण हे सगळं दिवसाउजेडी शिकून झालं होतं. रात्रीचा धडा सुरू व्हायचा तो फडक्याने. काका आधी पुढच्या दिव्याची काच पुसायला लावत, मग मागचा लाल दिवा आणि इंडिकेटर, शेवटी हेल्मेटची काच, ओल्या मऊ कापडाने. त्या काचेवर ओरखडे होते. त्यांनी तिला ती डोळ्यांसमोर धरून रस्त्यावरच्या दिव्याकडे बघायला सांगितलं. एकेका ओरखड्यातून उजेडाच्या रेघा फुटल्या आणि दिव्याचा नुसता भपका झाला. दुसऱ्या दिवशी नवी, पूर्ण पारदर्शक काच आली. काळी काच रात्री वापरायचीच नाही, हेही तेव्हाच ठरलं. हेल्मेटच्या मागे आणि जॅकेटच्या पाठीवर चमकणारी पट्टी लागली.

हेल्मेटबद्दल बोलताना काकांचा आवाज बदलायचा. "माणूस स्ट्रेचरवर यायचा आणि मागून नातेवाईक हेल्मेट हातात घेऊन यायचे. कोरं करकरीत, एक चरा नाही त्याच्यावर. हँडलला अडकवलेलं होतं म्हणायचे." थोडं थांबून ते म्हणाले, "रात्रीच्या रस्त्याला मला अजून वास येतो. पेट्रोल आणि टिंचरचा एकत्र." त्यानंतर पेट्रोल पंपाजवळून जाताना मला प्रत्येक वेळी ते वाक्य आठवतं.

मी ज्यासाठी हे लिहिते आहे तो प्रसंग दुसऱ्या रात्रीचा. मैदानाकडच्या सरळ, रिकाम्या रस्त्यावर काकांनी काळा रंग दिलेला एक पुठ्ठा उभा केला. तो कुठे ठेवलाय ते तिला सांगितलं नाही. खालचा दिवा, म्हणजे डिपर, चालू. वेग चाळीस. पुठ्ठा दिसताक्षणी तिने हॉर्न द्यायचा आणि दोन्ही ब्रेक एकदम, पण दाबत दाबत लावायचे, झटका न देता. हॉर्न वाजला तिथे मी खडूने रेघ ओढायची.

हॉर्न वाजला. ब्रेकही लागले. पण गाडी पुठ्ठा आडवा करून दोन पावलं पुढे जाऊन थांबली. माझ्या खडूच्या रेघेपासून पुठ्ठ्यापर्यंत जेमतेम तीस पावलं, बावीस मीटर.

मुलगी रडवेली झाली. "मी लगेच दाबला होता, काका." काका शांतपणे म्हणाले, "लगेच म्हणजे एक सेकंद, बेटा. डोळ्याने पाहिलं, डोक्याला कळलं, बोटं हलली, तोवर अकरा मीटर गेले. थांबायला आणखी तेवढेच, वर थोडे. तुझी काही चूक नाही. चूक चाळीसची आहे."

मग तीसने. पुठ्ठा दुसरीकडे हलवलेला. हॉर्न वाजला आणि गाडी पुठ्ठ्याच्या अलीकडे, चांगली सहा-सात मीटर अंतर राखून थांबली. दिवा तोच होता, ब्रेक तेच होते आणि हातही तेच होते. फक्त काटा दहाने खाली आला होता. साठने करून बघायला काकांनी दिलं नाही. गणित मात्र सांगितलं. वेग दीडपट झाला की ब्रेक लागल्यानंतरचं अंतर दीडपट होत नाही, सव्वादोनपट होतं. अशा वेळी हा दिवा पुठ्ठा दाखवेल तो आपटण्यासाठीच.

रात्रीच्या गाडीबद्दल आपण सहसा हाताच्या सफाईचं बोलतो, 'त्याचा हात बसलाय' असं कौतुकाने म्हणतो. त्या पुठ्ठ्यासमोर उभी असताना मला पटलं की रात्री हाताला फार कमी काम असतं. दिव्याच्या उजेडात जेवढा रस्ता दिसतो, तेवढ्यात थांबता आलं पाहिजे. बाकीचं सगळं त्यानंतर.

शेवटच्या रात्री काका मागे बसले आणि ते खऱ्या रहदारीत निघाले. मी रिक्षाने मागोमाग. लग्नसराई होती. एका वळणावर वरात भेटली, डोक्यांवर दिव्यांची झाडं, मागे धडधडणारा जनरेटर. तो झगमगाट ओलांडला की पुढचा रस्ता डांबरासारखा काळा. मुलीने तिथे आपणहून वेग कमी केला आणि डोळ्यांना सावरायला वेळ दिला. डोळा अंधाराला पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटं घेतो. रस्त्यावर तेवढी सवड नसते, म्हणून ती वेगातूनच काढावी लागते. पुढे एका मोटारीने अप्पर मारला. तिने उलट अप्पर मारला नाही. नजर डावीकडे, रस्त्याच्या कडेच्या पांढऱ्या रेघेवर नेली. कारण जिकडे नजर, तिकडे गाडी. आणि विटांची एक ट्रॉली, मागे ना लाल दिवा ना चमकपट्टी. दोघं तिच्या बरंच मागे राहिले. समोरून येणारा एकटा दिवा मोटारसायकलचाच असेल असं धरायचं नाही, एक दिवा गेलेला ट्रॅक्टरही असू शकतो, हे तिला काकांनी आधीच बजावलं होतं.

२०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली साधारण ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. दिवसातल्या वेळांत सर्वाधिक अपघात संध्याकाळी सहा ते नऊ या तासांतले, म्हणजे माणसं घरी परतायच्या वेळेचे. हे आकडे मी आधीही वाचले होते. आता ते वाचताना मला हातातलं कोरं हेल्मेट दिसतं.

जानेवारीत मावशीचा फोन आला. मुलगी चाचणी पास झाली, पक्का परवाना आला आणि ड्युटीही सुरू झाली. ग्वाल्हेरात तेव्हा दाट धुकं असतं. धुक्याच्या रात्री ती गाडी नेतच नाही, वडील घ्यायला जातात. तेही काकांनीच शिकवलेलं. एरवी दिवसा वीस मिनिटांचा रस्ता ती रात्री पस्तीस मिनिटांत येते. घरात आता कुणी त्याबद्दल विचारत नाही.

तुमच्या घरातही कुणी नव्याने गाडी शिकत असेल. पक्का परवाना हातात आला की किल्ली मागितली जाईल, आणि पहिली रात्रही लवकरच येईल. त्याआधी एका रिकाम्या, सुरक्षित रस्त्यावर शिकवणाऱ्या माणसाला सोबत घेऊन एक काळा पुठ्ठा उभा करा. चाळीसला काय होतं आणि तीसला काय होतं, ते त्या मुलाला किंवा मुलीला स्वतःच्या डोळ्यांनी पाहू द्या. आपण दहा वेळा बजावून जे पटत नाही, ते पुठ्ठा एकदा आडवा झाला की पटतं. किल्ली त्यानंतर द्या.