थाळनेर : तापीकाठची जुनी राजधानी

बालमित्रांनो, परीक्षा संपली की घरोघरी एकच वाद सुरू होतो. सुट्टीत कुठं जायचं? कुणी म्हणतं अलिबाग, कुणी म्हणतं गणपतीपुळे. सगळ्यांना समुद्र हवा! आपल्या खानदेशाच्या वाट्याला समुद्र आलेला नाही. पण समुद्राच्या ओढीनं पश्चिमेला धावणारी तापी मात्र आपली आहे. मध्य प्रदेशात मुलताईला ती उगम पावते आणि ७२४ किलोमीटरचा प्रवास करून सुरतेजवळ अरबी समुद्राला मिळते. आज आपण तिच्याच काठावरच्या एका गावाला जाऊ या. गावाचं नाव थाळनेर, तालुका शिरपूर, जिल्हा धुळे.

आधी शिरपूर गाठायचं, तिथून थाळनेर. गावात शिरलात तर वाटेल, हे तर आपल्याच गावासारखं गाव! घरं, शेतं, गुरं, ओट्यावर गप्पा मारणारी म्हातारी माणसं आणि कानावर पडणारी गोड अहिराणी. पण सहाशे वर्षांपूर्वी इथं राजधानी होती, हे सांगितलं तर खरं वाटेल?

दोन भाऊ, एक राज्य

गोष्ट सुरू होते १३७० मध्ये. दिल्लीचा सुलतान फिरोजशहा तुघलक यानं मलिक राजा नावाच्या सरदाराला थाळनेरचा मुलूख दिला. पुढे दिल्लीची सत्ता ढिली पडली आणि मलिक राजा स्वतंत्रपणे कारभार पाहू लागला. हेच खानदेशचं फारुकी घराणं. खलिफा उमर ‘अल्‌ फारूक’ यांचे आपण वंशज आहोत, असं ते सांगत. म्हणून फारुकी!

मलिक राजा १३९९ मध्ये वारला. थोरला मुलगा नासीर याला लळिंगचा किल्ला मिळाला. धुळ्याजवळ आग्रा रोडनं जाताना दिसतो ना, तोच तो. धाकट्या इफ्तिखारला थाळनेर मिळालं. एका राज्यात दोन भाऊ, मग व्हायचं तेच झालं. १४१७ मध्ये नासीरनं माळव्याच्या सुलतानाची मदत घेऊन थाळनेर घेतलं. याच नासीरनं तापीकाठी वरच्या अंगाला बऱ्हाणपूर वसवलं होतं. पुढे राजधानी तिकडेच रमली. गुजरातच्या सुलतानानं नासीरला ‘खान’ हा किताब दिला, म्हणून हा ‘खानदेश’, असं एक मत आहे. कान्ह्याचा देश तो कान्हदेश, असंही लोक सांगतात.

राजधानी गेली, तरी राजे मात्र शेवटच्या विश्रांतीला थाळनेरलाच येत. सुरुवातीच्या फारुकी राजांच्या दगडी कबरी आजही गावात आहेत. त्यांतली एक तर आठ कोनांची. तिच्या भिंतींवरचं कोरीव काम नीट निरखून पाहा. ना यंत्र, ना वीज. फक्त छिन्नी, हातोडा आणि कारागिराचा हात! या कबरी आज केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत.

सुरतेच्या बंदरातून बऱ्हाणपूरकडे जाणारी व्यापाऱ्यांची वाटही थाळनेरवरून जाई. सतराव्या शतकात ताव्हेर्निये नावाचा एक फ्रेंच जवाहिऱ्या या वाटेनं गेला. वाटेतल्या मुक्कामांची त्यानं यादी लिहून ठेवली आहे. तिच्यात आपलं थाळनेरही आहे!

२७ फेब्रुवारी १८१८

आता तापीच्या काठाशी या. इथं उभे आहेत किल्ल्याचे अवशेष. एका बाजूला नदी, उरलेल्या बाजूंना खोल घळ, आणि आत शिरायला एकामागून एक पाच दरवाजे. असा तो किल्ला होता.

पेशवाईच्या काळात तो होळकरांकडे आला. डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरच्या लढाईत होळकर इंग्रजांकडून हरले. तेव्हा गादीवर होते दुसरे मल्हारराव, तुमच्याच वयाचे! जानेवारी १८१८ मध्ये मंदसोरला तह झाला आणि खानदेश इंग्रजांना द्यावा लागला. तहाप्रमाणे किल्ला ताब्यात घ्यायला जनरल हिस्लॉप फौज घेऊन थाळनेरला आला.

किल्लेदार होते तुळशीराम मामा. पदरी जेमतेम तीनशे माणसं, बहुतेक अरब शिपाई. किल्ला सोडला नाही तर बंडखोर समजू, असा निरोप हिस्लॉपनं पाठवला. किल्ल्यातून उत्तर आलं ते बंदुकीच्या गोळ्यांचं! दिवसभर तोफा धडाडल्या. पहिला दरवाजा पडला. शेवटी किल्लेदार स्वतः बाहेर आले आणि इंग्रजांच्या हाती लागले. मग अगदी आतल्या दरवाजाच्या दिंडीतून इंग्रजांचे काही अधिकारी आणि शिपाई आत गेले. आत अरब. एकाची भाषा दुसऱ्याला कळेना. शस्त्रं खाली ठेवायची, पण कोणत्या अटीवर? बाचाबाची झाली, तलवारी उपसल्या गेल्या आणि दोन इंग्रज अधिकारी ठार झाले. ते पाहताच बाहेरची फौज आत घुसली. किल्ल्यातली जवळजवळ सगळी माणसं कापली गेली आणि त्याच संध्याकाळी तुळशीराम मामांना फाशी दिलं.

मित्रांनो, हा न्याय झाला का? तह धन्यानं केला होता, हे खरं. पण आत जो गोंधळ झाला, तेव्हा किल्लेदार बाहेर इंग्रजांच्या ताब्यात होते, हेही खरं! हा प्रश्न खुद्द इंग्लंडमध्येही विचारला गेला. १८१९ मध्ये पार्लमेंटात या मोहिमेतल्या फौजेचे आभार मानायचा ठराव आला, तेव्हा थाळनेरच्या फाशीवरून चर्चा झाली आणि त्या प्रकरणाला पसंती देण्याचं पार्लमेंटनं टाळलं. आपल्या तापीकाठच्या गावाचं नाव असं सातासमुद्रापार पोचलं.

लतादीदींचं आजोळ

आता एक गोड गोष्ट. भारतरत्न लता मंगेशकर यांचं आजोळ कुठलं, ठाऊक आहे? थाळनेर! त्यांचे आजोबा शेठ हरिदास रामदास लाड हे इथले मोठे गुजराती व्यापारी आणि जमीनदार. त्यांची मुलगी शेवंती म्हणजे लतादीदींची आई, माई मंगेशकर. पावागडचे गरबे लतादीदी लहानपणी आपल्या या आजीकडूनच शिकल्या. आजीजवळ बसून गाणी ऐकणारी ती चिमुरडी पुढे साऱ्या देशाला गाणी ऐकवणार होती!

जायचं कधी, पाहायचं कसं?

हिवाळ्यात जा. ऊन सुखाचं असतं, आणि भरिताची वांगी आणि कळण्याची भाकरी यांचेही तेच दिवस! टोपी आणि पाण्याची बाटली घ्या. सोबत वही-पेन्सिलही असू द्या. अष्टकोनी कबरीचं चित्र काढायला मजा येईल. नदीत मात्र मोठी माणसं बरोबर असल्याशिवाय उतरायचं नाही.

आणि एक वचन द्या. भिंतीवर नाव कोरायचं नाही, तिथला दगड खिशात घालून आणायचा नाही. पडक्या भिंतीतला एक-एक दगड उचलला गेला, तर तुमच्या धाकट्या भावंडांना पाहायला काय उरेल?

घरी आलात की आजी-आजोबांना विचारा, आपल्या गावाची गोष्ट काय? जुनी वेस, एखादी बारव, मोडकी गढी, काहीतरी असेलच. ती गोष्ट वहीत उतरवून ठेवा. थाळनेरची गोष्ट आज आपल्याला कळते, कारण ती कुणीतरी लिहून ठेवली होती.