नोटिशीत राग नको, रक्कम हवी

आमच्याकडे मजूर बांधव येतात ते बहुधा उशिरा. मजुरीपोटी मिळालेला चेक परत आलेला असतो आणि ठेकेदाराच्या 'आज देतो, उद्या देतो'मध्ये महिना गेलेला असतो. पराक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम १३८ नुसार चेक न वटल्याचे बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे न आल्यास पुढील एका महिन्यात कोर्टात फिर्याद करावी लागते.

नोटिशीत शिव्याशाप नकोत. कोणत्या कामाचे पैसे, चेकचा क्रमांक, तारीख, रक्कम, तो परत येण्याचे कारण आणि १५ दिवसांत पैसे देण्याची मागणी, एवढे स्पष्ट लिहावे. चेकची रक्कम तंतोतंत हवी. ती चुकली तर नोटीसच बाद ठरते. व्याज व खर्च वेगळा दाखवावा. नोटिशीची प्रत, पोस्टाची पावती आणि ती पोहोचल्याचा पुरावा जपावा.

३० दिवस उलटले? चेकची तीन महिन्यांची मुदत शिल्लक असेल तर तो पुन्हा बँकेत भरावा; पुन्हा परत आल्यास नव्याने नोटीस देता येते.

घामाचा पैसा मागणे ही भीक नव्हे. पण कायदा तारीख पाहतो, अश्रू नव्हे.