‘अ‍ॅव्हरेज’च्या पलीकडे : जर्मनीत रोजच्या प्रवासासाठी गाडी निवडताना

पुणे-चाकण परिसरातून श्टुटगार्टच्या आसपास आलेल्या मराठी अभियंत्यांची परिस्थिती बहुधा सारखीच असते. नोकरी झिंडेलफिंगेनच्या मर्सिडीज-बेन्झ कारखान्यात किंवा रेनिंगेनच्या बॉश संशोधन केंद्रात. घर मात्र भाडे परवडेल अशा, वीस-पंचवीस किलोमीटर दूरच्या गावात. रोज अशी ये-जा करणाऱ्यांना जर्मन भाषेत ‘पेंडलर’ म्हणतात. बस आणि एस-बान यांची सांगड जमेनाशी झाली, की घरात मोटारीचा विषय निघतो आणि पहिला प्रश्न येतो तो आपल्याकडचाच : गाडी अ‍ॅव्हरेज किती देते? प्रश्न योग्य आहे. पण जर्मनीत तेवढ्यावर निर्णय घेतला, तर हिशेब हमखास चुकतो.

येथे इंधनाचा खप उलट्या बाजूने मोजतात : लिटरला किती किलोमीटर असे नव्हे, तर १०० किलोमीटरला किती लिटर. लिटरला २० किलोमीटर म्हणजे १०० किलोमीटरला ५ लिटर. या मापाने खरी बचत लगेच दिसते. लिटरला १० ऐवजी १२.५ किलोमीटर देणारी गाडी दर १०० किलोमीटरमागे २ लिटर वाचवते. २० ऐवजी २५ देणारी गाडी फक्त १ लिटर. शिवाय माहितीपत्रकातला आकडा हा प्रमाणित चाचणीतला असतो. युरोपीय आयोगाने २०२४ मध्ये प्रत्यक्ष वापराची आकडेवारी तपासली, तेव्हा पेट्रोल आणि डिझेल गाड्यांचा खप चाचणीपेक्षा सुमारे २० टक्के अधिक आढळला. प्लग-इन हायब्रिड गाड्यांचा तर सुमारे साडेतीनपट.

आता रोजचे अंतर हिशेबात घेऊ. घर ते कचेरी २५ किलोमीटर आणि वर्षाला कामाचे २०० दिवस धरले, तर येण्याजाण्याचे १०,००० किलोमीटर होतात. पेट्रोल १.८० युरो लिटर मानल्यास ५ लिटर खपाच्या गाडीला वर्षाला ९०० युरोचे इंधन लागते आणि ६ लिटरच्या गाडीला १,०८० युरोचे. फरक १८० युरोंचा, म्हणजे महिन्याला १५ युरो. एवढ्या फरकासाठी तीन हजार युरो जास्त मोजून गाडी घेतली, तर केवळ इंधनातून ते भरून निघायला सोळाहून अधिक वर्षे लागतील.

मोठा खर्च असतो तो घसाऱ्याचा. नवी गाडी पहिल्या वर्षात साधारणपणे पाव किंमत गमावते. तीन-चार वर्षांच्या करारावर आलेल्या कुटुंबाला परतण्यापूर्वी गाडी विकावीच लागते, त्यामुळे हा तोटा पूर्णपणे त्याच्या खिशातून जातो. म्हणूनच ‘यारेसवागेन’, म्हणजे साधारण वर्षभर वापरलेली, पुष्कळदा मोटार कंपनीच्या कर्मचाऱ्यानेच विकायला काढलेली गाडी पाहण्यासारखी असते. त्याहून जुनी गाडी व्यापाऱ्याकडून घेतल्यास दोषांची कायदेशीर जबाबदारी किमान एक वर्ष त्याच्यावर राहते. खासगी विक्रेता मात्र ती करारातच नाकारू शकतो. दोन्ही बाबतींत दुरुस्तीची नोंदवही आणि दर दोन वर्षांनी होणाऱ्या तांत्रिक तपासणीची पुढील तारीख पाहून घ्यावी.

दुसरा मोठा खर्च विम्याचा. अपघाताविना घालवलेल्या वर्षांनुसार हप्ता उतरत जातो, आणि नवागताची सुरुवात शिडीच्या तळाशी होते. भारतातील विनादावा वर्षे काही कंपन्या विचारात घेतात, काही घेत नाहीत. म्हणून विमा कंपनीला तसे स्पष्ट विचारावे. गाडीच्या नमुन्याचाही वर्ग ठरलेला असतो : तृतीय पक्ष विम्यासाठी १० ते २५. सारख्या किमतीच्या दोन गाड्यांचे हप्ते त्यामुळे बरेच वेगळे असू शकतात. खरेदीखतावर सही करण्यापूर्वीच त्या नेमक्या नमुन्याचा हप्ता काढून पाहावा.

वाहनकर इंजिनाच्या आकारावर आणि कार्बन उत्सर्जनावर आकारला जातो. ९९९ सीसीच्या, किलोमीटरला ११५ ग्रॅम उत्सर्जन करणाऱ्या पेट्रोल गाडीला वर्षाला ६० युरो पडतात. १,९६८ सीसीच्या, १२५ ग्रॅमच्या डिझेल गाडीला २५२. डिझेलवरील इंधनकर लिटरला सुमारे १८ सेंट कमी आहे खरा, पण वर्षाला दहा हजार किलोमीटर चालवणाऱ्याचा तो फायदा वाहनकरातच विरून जातो. शिवाय श्टुटगार्टमध्ये जानेवारी २०१९ पासून जुन्या डिझेल गाड्यांवर बंदी आली; जुनी डिझेल स्वस्तात मिळते, त्यामागे असेही कारण असू शकते.

शहरातल्या थांबत-चालत होणाऱ्या प्रवासात साधी हायब्रिड गाडी खरोखर इंधन वाचवते. आउटोबानवरच्या सलग वेगात तिचा फायदा घटतो. विजेच्या गाडीचे गणित चार्जिंगच्या जागेवर अवलंबून असते. १०० किलोमीटरला १७ युनिट धरल्यास, घरच्या ३६ सेंटच्या विजेवर खर्च सुमारे ६ युरो येतो. रस्त्यालगतच्या जलद चार्जरवर युनिटला ६५ सेंट पडल्यास ११ युरो, म्हणजे छोट्या पेट्रोल गाडीपेक्षाही अधिक. डिसेंबर २०२० पासून भाडेकरूला घरमालकाकडे चार्जर बसवण्याची परवानगी मागण्याचा हक्क आहे. मात्र खर्च भाडेकरूने करायचा असतो.

प्राप्तिकरात मिळणाऱ्या प्रवास सवलतीबाबतही गैरसमज असतात. २०२६ पासून पहिल्याच किलोमीटरपासून ३८ सेंट वजावट मिळते, तीही एकाच बाजूच्या अंतरावर. वरील उदाहरणात ती १,९०० युरो होते. परंतु प्रत्येक नोकरदाराला १,२३० युरोंची ठोक वजावट आधीच मिळत असल्याने, इतर खर्च नसल्यास खरा लाभ उरलेल्या ६७० युरोंवरच. ३५ टक्के दराने सुमारे २३५ युरो. ही वजावट रेल्वेने जाणाऱ्यालाही मिळते. म्हणून डॉइचलांड-टिकीट, २०२६ पासून महिना ६३ युरो, म्हणजे वर्षाला ७५६, हेही तुलनेत मांडावे.

एक बाब या सर्वांच्या आधीची : भारतीय वाहन परवाना येथे वास्तव्य सुरू झाल्यापासून सहा महिनेच चालतो. त्यानंतर लेखी आणि प्रात्यक्षिक, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. परीक्षेची तारीख मिळण्यातही वेळ जातो. अंगणात गाडी उभी आणि चालवता येत नाही, अशी वेळ यायची नसेल तर आधी परवाना, मग वर्षाचे किलोमीटर, मग विम्याचा हप्ता आणि विक्रीची किंमत, असा क्रम ठेवावा. अ‍ॅव्हरेजचा प्रश्न त्यानंतर विचारला, तरी उशीर होत नाही.