पगाराचा आकडा आणि पगाराचे कारण

जुलै २०१३ मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने बीबीसीसंबंधी एक अहवाल प्रसिद्ध केला. वरिष्ठ व्यवस्थापकांना नोकरी सोडताना किती रकमा मिळाल्या, हा त्याचा विषय होता. डिसेंबर २०१२ पर्यंतच्या तीन वर्षांत अशा १५० जणांना मिळून अडीच कोटी पौंड दिले गेले होते. लेखापरीक्षकांनी त्यांतली ६० प्रकरणे तपासली, तेव्हा १४ प्रकरणांत करारानुसार देणे लागत होते त्याहून जास्त पैसे दिल्याचे आढळले. उपमहासंचालक मार्क बायफर्ड यांना मिळालेली रक्कम ९,४९,००० पौंड होती. त्या काळी ब्रिटनमधल्या घराला टीव्ही पाहण्याचे परवाना शुल्क, ज्यावर बीबीसी चालते, वर्षाला १४५.५० पौंड पडत असे. म्हणजे सुमारे साडेसहा हजार घरांनी वर्षभर भरलेले शुल्क एका अधिकाऱ्याला निरोप देण्यात गेले. ब्रिटनमध्ये या रकमांवर संताप व्हायचा तो झाला. मला मात्र या अहवालातले वर्षांचे गणित अधिक अस्वस्थ करते. बीबीसीने आपल्या सर्वांत वरच्या अधिकाऱ्यांचे पगार आणि खर्च २००९ मध्येच लोकांसमोर मांडायला सुरुवात केली होती. ही खैरात झाली ती त्यानंतरच्या वर्षांत, पगार उघड असताना.

त्या २००९ च्या निर्णयामागे काळाचा रेटा होता. ब्रिटिश खासदारांनी सार्वजनिक पैशातून उकळलेल्या भत्त्यांची प्रकरणे त्याच उन्हाळ्यात बाहेर आली होती आणि जनतेच्या पैशावर चालणाऱ्या प्रत्येक संस्थेकडे लोक संशयाने पाहू लागले होते. बीबीसीचे तेव्हाचे महासंचालक मार्क थॉम्सन यांचा वर्षाचा एकूण मोबदला आठ लाख पौंडांच्या पुढे होता, म्हणजे पंतप्रधानांच्या पगाराच्या कितीतरी पट. हा आकडा जाणून घेण्याचा लोकांचा हक्क कुठून येतो? परवाना शुल्क हे वर्गणीसारखे ऐच्छिक नाही. कोणत्याही वाहिनीचे थेट प्रक्षेपण पाहायचे तर ते भरावे लागते, आणि न भरणे हा फौजदारी गुन्हा आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये अलीकडच्या वर्षांत या गुन्ह्यासाठी दोषी ठरलेल्यांत सुमारे तीन चतुर्थांश स्त्रिया होत्या. दुपारी दार उघडायला घरी असते तीच तपासनिसाच्या हाती लागते, हे त्याचे एक कारण सांगितले जाते. ज्या पैशासाठी घर चालवणाऱ्या बाईला न्यायालयासमोर उभे केले जाऊ शकते, तो पैसा कोणाच्या खिशात किती जातो हे तिला कळलेच पाहिजे. याबाबतीत माझ्या मनात कसलीही शंका नाही.

प्रश्न एवढाच की नेमके काय कळले पाहिजे. आपल्याकडे सरकारी पगार हे कधी गुपित नव्हते. वेतन आयोग बसतो, श्रेणी ठरतात, तक्ते छापून येतात, आणि कोणत्या पदाला किती मिळते हे माणूस नेमला जाण्याआधीच ठाऊक असते. ही पद्धत ताठर आहे, तिच्यात गुणवत्तेला फारसा वाव नाही. पण तिथे आकडा आणि कारण एकाच तक्त्यात असतात. बीबीसीच्या वरच्या थरात पगार ठरत असे तो माणसागणिक, वाटाघाटीतून, बंद दाराआड. अशा ठिकाणी वर्षअखेरीस आकडा जाहीर केला तर किती दिले ते कळते, का दिले ते कळत नाही. निरोपाच्या रकमा मंजूर करणारे आणि त्या घेणारे एकाच वर्तुळातले सहकारी होते. आज मंजुरी देणारा उद्या घेणाऱ्याच्या खुर्चीत बसणार होता. या साखळीला धक्का बसला तो लेखापरीक्षकांनी करार, टिपणे आणि मंजुऱ्या मागवल्या तेव्हा, आणि संसदेच्या लोकलेखा समितीच्या अध्यक्ष मार्गारेट हॉज यांनी एकेका अधिकाऱ्याला समोर बसवून कारण विचारले तेव्हा. दरम्यान, नंतर महासंचालक झालेले टोनी हॉल यांनी निरोपाच्या रकमेवर दीड लाख पौंडांची मर्यादा घातली.

यावर नेहमीचा आक्षेप बाजाराचा. पगार उघड झाले तर चांगली माणसे येणार नाहीत, आणि आली तर शेजारच्याचा आकडा पाहून जास्त मागतील. खासगी कंपन्यांबाबत दुसऱ्या भीतीत तथ्य असेलही. बीबीसीत घडले ते उलटे. थॉम्सन यांच्यानंतर २०१२ मध्ये जॉर्ज एन्टविसल ४,५०,००० पौंडांवर महासंचालक झाले आणि हॉलही त्याच पगारावर आले. खुर्ची रिकामी राहिली नाही. याचे सारे श्रेय पारदर्शकतेला देणे बरोबर नाही, कारण तो सरकारी काटकसरीचा काळ होता; तरीही आकडे दडलेले असते तर एवढी उतरण झाली असती असे मला वाटत नाही. पण हेच एन्टविसल ५४ दिवसांत पायउतार झाले, आणि करारानुसार सहा महिन्यांचा पगार देय असताना त्यांना पूर्ण वर्षाचा दिला गेला. प्रकरण लवकर मिटावे म्हणून, असे बीबीसीच्या विश्वस्त मंडळाचे म्हणणे होते. पगाराचा आकडा जाहीर असूनही दुप्पट रक्कम देण्याचा हा निर्णय थांबला नाही.

दुसरा आक्षेप खासगीपणाचा, आणि तो मला जास्त वजनदार वाटतो. पगार छापून आला की वर्तमानपत्रांना शिकार मिळते, आणि घरच्यांनाही त्याचा त्रास होतो. म्हणून नेमक्या आकड्याऐवजी गट सांगणे, ठरावीक रकमेखालच्यांची नावे न देणे, या सवलती रास्त आहेत. पण व्यवस्थापक आणि निवेदक यांत भेद करायला हवा. निवेदक फक्त पगार घेतो; व्यवस्थापक स्वतः घेतो आणि दुसऱ्याचाही ठरवतो. जिथे ठरवण्याची सत्ता आहे तिथे खासगीपणाचा दावा आखडता घ्यावाच लागतो. ब्रिटिश सरकारने नेमका भर दुसरीकडे दिला. शुल्कातून साडेचार लाख पौंडांवर घेणाऱ्या कलावंतांची नावे द्यावीत असा मूळ प्रस्ताव होता. सप्टेंबर २०१६ मध्ये ती मर्यादा दीड लाखावर आणली गेली.

या नावांची यादी १९ जुलै २०१७ रोजी प्रसिद्ध झाली. सर्वांत वर क्रिस एव्हान्स, २२ लाख पौंडांच्या पुढे. स्त्रियांत सर्वांत वर क्लॉडिया विंकलमन, पाच लाखांच्या आत. नावांपैकी सुमारे दोन तृतीयांश पुरुषांची होती. यादी मागणाऱ्यांना उधळपट्टी दाखवायची होती, तिने दाखवला तो भेदभाव. बीबीसीच्या चीन संपादक कॅरी ग्रेसी यांचे नाव यादीत नव्हतेच, कारण त्यांना १,३५,००० पौंड मिळत होते. त्यांच्याच दर्जाचे दोन पुरुष संपादक यादीत होते. ग्रेसी यांनी जानेवारी २०१८ मध्ये ते पद सोडले, जूनमध्ये बीबीसीने माफी मागितली, आणि मिळालेली थकबाकी त्यांनी स्त्रियांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेला देऊन टाकली. बीबीसीच्याच निवेदिका समीरा अहमद यांना एका भागामागे ४४० पौंड मिळत, तशाच स्वरूपाच्या कार्यक्रमासाठी जेरेमी व्हाइन यांना ३,००० पौंड. जानेवारी २०२० मध्ये अहमद रोजगार न्यायाधिकरणात जिंकल्या. बीबीसीला तिथे एवढेच सिद्ध करायचे होते की या फरकामागे स्त्री-पुरुष भेदाखेरीज दुसरे कारण आहे. ते बीबीसीला जमले नाही. पडद्यावरच्यांचे पगार ठरवण्याची पारदर्शक आणि सुसंगत पद्धतच संस्थेकडे नव्हती, अशी नोंद निकालात आहे.

आपल्या २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचे चौथे कलम या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे. महाराष्ट्राने स्वतःचा कायदा त्याआधीच केला होता, त्यामुळे हा विषय आपल्याला नवा नाही. त्या कलमातली एक तरतूद सांगते की प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपल्या प्रत्येक अधिकाऱ्याचे आणि कर्मचाऱ्याचे मासिक वेतन आपणहून प्रसिद्ध करावे. प्रसारभारतीलाही ते लागू आहे. त्याच कलमात थोडे पुढे दुसरी तरतूद आहे: प्रशासकीय निर्णयाची कारणे, ज्यांच्यावर त्याचा परिणाम होतो त्यांना द्यावीत. पहिलीची अंमलबजावणी कार्यालये तक्ता लावून करतात. दुसरीचा आग्रह फार थोडे अर्जदार धरतात, आणि समीरा अहमद यांच्या प्रकरणात न्यायाधिकरणाने मागितले होते ते नेमके हेच.