ढगही तेच, झुडपंही तीच

जपानमध्ये १९८३ साली आलेल्या निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या व्हिडिओ गेमच्या यंत्राला साध्या कार्ट्रिजमधला ३२ किलोबाइटचाच प्रोग्रॅम वाचता येई. चित्रांसाठी आणखी ८. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ (१९८५) हा अख्खा खेळ एवढ्यात बसवला आहे. म्हणून त्यातले ढग आणि झुडपं एकाच चित्राची, फक्त रंग निराळे. ही काटकसर मला फार सुंदर वाटते.

मग पुढचे मोठे खेळ कसे आले? यंत्र तेच राहिलं, कार्ट्रिज हुशार झालं. आत बसवलेली जादा चिप मेमरीचे तुकडे गरजेप्रमाणे आलटून-पालटून प्रोसेसरसमोर ठेवू लागली. ‘सुपर मारिओ ब्रदर्स ३’ (१९८८) त्यामुळेच ३८४ किलोबाइटपर्यंत गेला. अमेरिकेत १९८७ साली आलेल्या ‘द लेजंड ऑफ झेल्डा’च्या कार्ट्रिजमध्ये तर छोटी बॅटरी होती. यंत्र बंद केलं तरी खेळ कुठवर आला, याची नोंद तिच्यामुळे टिकून राही.